कीर्तिमंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं (बडोदा)

बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुलाजवळ कीर्तिमंदिर आहे, गायकवाड घराण्याचं स्मारक, सयाजीराव महाराजांनी (तिसरे) 1936 च्या सुमारास बांधून घेतलेलं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि अखंड भारताचा नकाशा आहे, तो रस्त्यावरून जाता येता सगळ्यांना दिसतो, पण आतल्या मधल्या हॉलच्या भिंती बघायला मुद्दाम जावं लागतं आणि खरं सांगायचं तर जायलाच हवं.

ही चित्रं शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची (1882-1966), काम 1939 ते 1946 असं टप्प्याटप्प्याने झालं. विषय चार: गंगावतरण, मीरेचं जीवन, महाभारताचं युद्ध आणि नटीर पूजा (म्हणजे नर्तकीची पूजा). म्हणजे स्मारक राजघराण्याचं, पण या भिंतींचा विषय राजे नाहीत!

त्यात नटीर पूजा जरा थांबून बघा. गोष्ट रवींद्रनाथांच्या नाटकातली. राजाने बुद्धपूजेला बंदी घातलेली असते आणि श्रीमती नावाच्या राजनर्तकीला स्तूपापुढे नाचायचा हुकूम होतो, ती नाचता नाचता एकेक दागिना उतरवत जाते, आत भिक्षुणीचं वस्त्र निघतं, नाच हीच तिची पूजा होते आणि त्यासाठी तिचा जीव जातो. शांतिनिकेतनात हे नाटक पहिल्यांदा झालं तेव्हा श्रीमतीचं काम नंदलालबाबूंच्या मुलीनेच, गौरीने केलं होतं. लेकीने नाचलेली भूमिका बापाने भिंतीवर काढली, आणि तीही राजाज्ञा मोडणारी, राजाच्याच स्मारकात. मला तरी या चारांत हीच भिंत सगळ्यात मोठी वाटते.

आपल्याकडे बडोदा आणि चित्रं म्हटलं की आधी राजा रविवर्मा आठवतो आणि ते बरोबरच आहे, याच महाराजांनी त्यांच्याकडून 14 पौराणिक चित्रं करून घेतली होती. ती ऑइलमधली, युरोपियन पद्धतीची. नंदलालबाबू बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य, म्हणजे त्या पद्धतीपासून मुद्दाम लांब गेलेल्या मंडळींपैकी. त्यांची ओढ अजिंठ्याकडे, रेषेकडे. एकाच माणसाने तरुणपणी रविवर्मांना आणि उतारवयात नंदलालना बोलावलं ही बडोद्याची खरी श्रीमंती. महाराज फेब्रुवारी 1939 मध्ये गेले, त्यामुळे पूर्ण झालेलं काम त्यांना बघायला मिळालं नाही.