समुद्राला मिळालेलं पाणी वाया जात नाही

नर्मदेचं पाणी समुद्रात वाया जातं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे एक मासा.

अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा विंध्य-सातपुड्यामधल्या खचदरीतून पश्चिमेला वाहते. १३१२ किलोमीटरच्या या वाटेवर नंदुरबार जिल्ह्याला तिचा काठ जेमतेम लागतो. पुढे गुजरात, भरूच आणि मग खंबातचं आखात. इथली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. भरतीला खारं पाणी नदीत चढतं, ओहोटीला उतरतं. पावसाळ्यात मात्र पुराचं गढूळ, गोडं पाणी जोर करून त्याला मागे रेटतं. हिलसा, म्हणजे आपला पाला मासा, याच लोंढ्याच्या सुमारास समुद्रातून नदीत शिरतो.

पाला वाढतो समुद्रात आणि अंडी घालतो नदीत. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याच्या शरीराला यासाठी केवढी उलथापालथ करावी लागते! समुद्रात त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जात असतं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. नदीत आलं की पाणी आपोआप अंगात मुरतं आणि मीठ निसटू लागतं. मग तेच कल्ले पाण्यातले क्षार आत ओढून घेतात आणि मूत्रपिंडं भरपूर पातळ लघवी करून पाणी बाहेर काढतात. या बदलाला वेळ लागतो. तो मिळतो खाडीच्या निमखाऱ्या पट्ट्यात, जिथे खारेपणा टप्प्याटप्प्याने कमी होत जातो. मोठ्या मादीच्या गाभोळीत लाखो अंडी असतात. पिल्लं आधी नदीत वाढतात आणि मग समुद्राकडे उतरतात.

गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीचा प्रवास नेमका उलटा. ती राहते नदीत, पण तिची पिल्लं निमखाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, म्हणून अंडी घेऊन मादी खाली खाडीकडे येते.

सरदार सरोवराची भिंत मुखापासून दीडशेहून अधिक किलोमीटर वर आहे. भिंतीपेक्षा मला काळजी वाटते ती तिच्या खाली उरणाऱ्या पाण्याची. वरून येणारा प्रवाह रोडावला की खारं पाणी भरूचच्या दिशेने वर सरकतं आणि काठच्या शेतीलाही त्याची झळ बसते. त्यावर उपाय म्हणून भरूचच्या खालच्या अंगाला, भाडभूत गावाजवळ, दरवाज्यांचा बंधारा घातला जातोय. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि मला तो रास्त वाटतो. खारं पाणी जिथे अडवायचं, तीच पाल्याची वाट आहे. पावसाळ्यात धरणातून पुरासारखे लोंढे सोडले आणि हंगामभर दरवाजे उघडे ठेवले, तरच ती थोडीफार मोकळी राहील.

गंगेवर हे सगळं आधीच घडून गेलंय. १९७५ साली फराक्का बंधारा सुरू होण्यापूर्वी हिलसा थेट प्रयागपर्यंत जायचा. आज बराकपूरच्या केंद्रीय मत्स्य संशोधन संस्थेचे लोक बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला जिवंत हिलसा स्वतः नेऊन सोडतात.