मानसिक आजार आणि आरोग्य विम्यातील समानता

शारीरिक आजाराच्या उपचारांना विमा ज्या अटींवर मिळतो, त्याच अटींवर तो मानसिक आजारालाही मिळावा, हे तत्त्व. भारतात त्याला मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील कलम 21(4) चा आधार आहे. हा कायदा मे 2018 मध्ये लागू झाला आणि ऑगस्टमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसे परिपत्रक धाडले. त्याआधी बहुतेक पॉलिसींत मानसिक विकार सरसकट वगळलेले असत. परिपत्रकानंतरही टाळाटाळ चाललीच. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विमाधारक महिलेच्या बाजूने निकाल दिला. पुढे नियामकाने सर्व पॉलिसींत मानसिक आजाराचा समावेश करण्यासाठी 31 ऑक्टोबर 2022 ही मुदत घालून दिली.

नागपुरात मनोरुग्णांची सरकारी सोय जुनी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 सालचे. मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत. तिथे विम्याचा प्रश्न फारसा येत नाही. तो येतो धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांत.

खरी मेख इथेच आहे. आरोग्य विम्याची रचना खाटेभोवती आहे: साधारणपणे रुग्ण किमान 24 तास भरती असेल तरच क्लेम. अपेंडिक्सच्या रुग्णाला ही अट जाचत नाही. नैराश्याच्या रुग्णाला मात्र बहुधा भरती व्हावेच लागत नाही; महिन्याकाठी डॉक्टरांची फी, समुपदेशनाच्या बैठका आणि अनेक महिने चालणाऱ्या गोळ्या, हाच त्याचा खर्च. तो ओपीडीत मोडतो आणि ओपीडीचे कलम नसलेल्या पॉलिसीत खिशातूनच जातो. मधुमेहाच्या गोळ्यांचेही तेच, असे कंपन्या म्हणू शकतात, आणि कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबरही आहे. पण अट एकच असली तरी तिचा भार दोघांवर सारखा पडत नाही.

व्यसनाधीनतेचा घोळ वेगळाच. दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थिती कायद्याच्या व्याख्येत येतात. पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांत मात्र व्यसनावरील उपचार वगळलेले असतात. व्यसनमुक्तीसाठी भरती करणाऱ्या घरच्यांना हे कित्येकदा बिल हातात आल्यावरच कळते.

क्लेम नाकारल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. नागपूरकरांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.