सार्वकालिक जीवनाची आशा : ठाणे परिसरातील ख्रिस्ती परंपरा

मरणानंतर देवाच्या सान्निध्यात जगण्याची आणि शेवटच्या दिवशी देहासह उठवले जाण्याची ख्रिस्ती श्रद्धा. विश्वास, आशा आणि प्रीती या तीन ख्रिस्ती सद्‌गुणांपैकी आशा हा गुण मुख्यतः या श्रद्धेशी जोडलेला आहे. बोलताना ठाण्यातला ख्रिस्ती माणूसही इतरांसारखाच ‘देवाघरी गेले’ म्हणतो. उपासनेतला आणि मराठी बायबलमधला शब्द मात्र ‘सार्वकालिक जीवन’ असा आहे. ‘स्वर्ग’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. ही आशा समजून घ्यायची तर तो फरक आधी लक्षात घ्यायला हवा.

मराठीत या आशेसाठी शब्द शोधण्याचा प्रयत्न चारशे वर्षांहून जुना आहे. मूळचे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. त्यात त्यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बिनदिक्कत वापरला. पुढच्या काळातल्या भाषांतरकारांनी तो टाळला, कारण त्या शब्दाबरोबर विष्णूही येतो. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशूने ज्या ठिकाणाचे वचन दिले, त्यासाठी मराठी बायबलने ‘सुखलोक’ हा नेटका शब्द वापरला. निधनवार्तेत तर निवड आणखी बोलकी आहे. हिंदू घरात ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, वारकरी घरात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी, आणि ख्रिस्ती घरात ‘ख्रिस्तवासी’. पहिल्या दोन शब्दांत ठिकाणाचे नाव आहे, तिसऱ्यात व्यक्तीचे. येथून सुटून ख्रिस्ताजवळ असावे अशी उत्कंठा प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवली आहे. तिथेही ओढ ठिकाणाची नाही, सोबतीची आहे. शोकपत्रिकेतल्या त्या एका शब्दाने हे जितके नेमके पकडले आहे तितके कित्येक प्रवचनांना जमत नाही.

बायबलमधील ‘सार्वकालिक’साठीचा मूळ ग्रीक शब्द युगाशी, येणाऱ्या काळाशी निगडित आहे. त्यामुळे त्याचा अर्थ केवळ न संपणारा काळ असा होत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (१७:३) देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे म्हणजेच सार्वकालिक जीवन, अशी व्याख्या आहे. हे जीवन विश्वास ठेवणाऱ्याला आत्ताच लाभले आहे, असेही तेच शुभवर्तमान सांगते. नुसते वाढतच जाणारे आयुष्य कुणाला हवे असेल? पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आशेविषयीच्या २००७ मधील परिपत्रकात हा प्रश्न सरळ विचारला आहे. न संपणारे असेच जगणे देणगीपेक्षा शिक्षाच वाटेल, हे त्यांनी मान्य केले आहे.

मराठी मनाला ही आशा चटकन मोक्षासारखी वाटते, पण दोन्हींची दिशा वेगळी आहे. मोक्षात जन्ममरणाचा फेरा सुटतो. ख्रिस्ती विचारात फेराच नाही, माणूस एकदाच जन्मतो आणि एकदाच मरतो. मात्र मुक्ती नको, गर्भवास परवडला, पण देवाचे प्रेम हवे, असे मागणारे तुकाराम या आशेच्या बरेच जवळ येतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते उगीच नाही. टिळकांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले. त्यांच्या भजनांमुळे मराठी प्रॉटेस्टंट उपासनेतली स्वर्गाची ओढ अभंगाच्या चालीवर आली.

ठाण्याचे नाव या श्रद्धेच्या इतिहासात १३२१ सालापासून आहे. त्या वर्षी चीनकडे निघालेले फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे काही धर्मबंधू होर्मुझहून येताना ठाण्याला उतरले आणि इथल्या नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या सीरियन परंपरेतल्या, ख्रिस्ती घरात राहिले. एका कौटुंबिक भांडणात साक्षीची वेळ आली आणि त्यांना काझीसमोर उभे केले गेले. तिथे धर्मावर वाद झाला आणि एप्रिलमध्ये टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री या चौघांना मारण्यात आले. त्यांचा सोबती जॉर्डन कॅटलानी त्या वेळी गावात नव्हता. त्याने अवशेष मिळवून सोपाऱ्याला पुरले. नंतर इथून गेलेल्या ओडोरिक या प्रवाशाने ती हाडे चीनमधील झैतून बंदरापर्यंत, म्हणजे आजच्या च्वानचौला नेली. थॉमसचे मस्तक पुढे इटलीत त्याच्या टोलेंटिनोला पोचले. १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी थॉमसला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केले.

आता ठाण्याचे हे चौघे कुठे आहेत? हा प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याच काळात युरोपात तो कमालीचा तापला होता. ज्या पोप बाविसावे जॉन यांनी १३२९ मध्ये जॉर्डनला केरळातल्या कोल्लमचा बिशप नेमले, त्यांनीच १३३१ च्या सर्व संतांच्या सणाला फ्रान्समधील अविन्यों येथे प्रवचनात एक मत मांडले. संतांनाही शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचे प्रत्यक्ष दर्शन होत नाही, ते वाट पाहत असतात, असे ते मत होते. गदारोळ उठला. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मागे घेतले. त्यांच्यानंतरच्या बाराव्या बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये निर्णय दिला की शुद्ध झालेले आत्मे मरणानंतर लगेच, देहाच्या पुनरुत्थानाआधीच, देवाला समोरासमोर पाहतात. कॅथलिक श्रद्धा आजही याच निर्णयावर उभी आहे. तेव्हा कॅथलिक शिकवणीप्रमाणे ठाण्याचे हुतात्मे देवापाशी आहेत. पण सोपारा, चीन आणि इटली असा प्रवास केलेल्या त्यांच्या हाडांची कथा त्या निर्णयाने मिटली नाही. ती शेवटच्या दिवसापर्यंत शिल्लक आहे.

कारण ख्रिस्ती आशेचा शेवटचा मुक्काम आत्म्याचा स्वर्गवास हा नाही. ‘प्रेषितांचा विश्वास’ या उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या अंगीकारात ‘स्वर्गात जाणे’ हे शब्द माणसाविषयी येतच नाहीत. तिथे ‘देहाचे पुनरुत्थान’ आणि ‘सार्वकालिक जीवन’ आहे. स्वर्गात आत्मा राहतो, पण देह अजून यायचा असतो. सामान्य भाविकाच्या मनातून हा दुसरा टप्पा बहुधा निसटलेला दिसतो. दफनविधीत आणि सिमेट्रीत, म्हणजे दफनभूमीत, मात्र तो अजून जिवंत आहे.

दफनाचा आग्रह याच श्रद्धेतून आला. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली. २०१६ च्या सूचनेनुसार मात्र अस्थी घरात ठेवायच्या नाहीत, विसर्जित करायच्या नाहीत किंवा उधळायच्याही नाहीत, त्या पवित्र जागी जपायच्या. मराठी माणसाला हे खटकते. अस्थी वाहत्या पाण्याला दिल्या की माणूस मोकळा झाला, ही आपली रीत. इथे उलट, माणसाला नावानिशी एका जागी राखून ठेवायचे. मुंबई-ठाणे पट्ट्यात जागाच नाही, म्हणून कबर काही वर्षांनी उघडतात, तिच्यात दुसऱ्याला जागा देतात आणि हाडे भिंतीतल्या कोनाड्यात नावाच्या पाटीमागे ठेवतात. पुनरुत्थानाच्या श्रद्धेने महानगराशी केलेली ही तडजोड आहे.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक कुटुंबे कबरी धुऊन त्यांवर फुले व मेणबत्त्या ठेवतात. फादर प्रार्थना करून कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. मृतांच्या नावाने मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, वाहण्यामागे शुद्धिस्थानाची कल्पना आहे. तारण मिळालेले पण अजून पूर्ण शुद्ध न झालेले आत्मे तिथे असतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्यांना उपयोग होतो, असे मानतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या हे मानत नाहीत. मसुंदा तलावाकाठचे, पोर्तुगीज परंपरेतले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आणि बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये समर्पित केलेले, मूळचे अँग्लिकन सेंट जेम्स चर्च एकाच शहरात आहेत. पण मृतांसाठी प्रार्थना करावी का, या प्रश्नावर दोन्ही परंपरा वेगळ्या वाटेने जातात. पेंटेकोस्टल मंडळ्यांत भर ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो, तोही लवकरच होणाऱ्या. नवी मुंबईत केरळ, गोवा, मंगळूरहून आलेली कुटुंबे बरीच. या भागातल्या, केरळच्या सायरो-मलबार या कॅथलिक परंपरेतल्या भाविकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत झाला. अशा घरांत पूर्वजांच्या कबरी गावी आणि आठवणीचा मिस्सा इथे, अशी विभागणी असते.

या आशेवर जुना आक्षेप असा की ती माणसाला इथल्या अन्यायाकडे काणाडोळा करायला शिकवते. आक्षेप खोटा नाही. वरच्या घराचे गोडवे गाऊन खालच्या घराची गळती झाकणारी प्रवचने झाली आहेत. पण इब्री लोकांस पत्राने आशेला नांगर म्हटले आहे, आणि नांगराचे काम होडीला आहे त्या जागी घट्ट धरणे हे आहे. २०२५ च्या ज्युबिली, म्हणजे कॅथलिक चर्चच्या पवित्र वर्षाच्या, बोधचिन्हात क्रुसाचे खालचे टोक नांगराचे केले होते. खाडीकाठच्या कोळ्याला ते समजावून सांगावे लागत नाही.

त्याला अडचण वाटेल ती दुसरीकडे. बायबलचे शेवटचे पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात नवे आकाश व नवी पृथ्वी दिसते, पवित्र नगरी वरून खाली उतरते, म्हणजे माणूस वर जात नाही, देव खाली राहायला येतो. आणि त्याच अध्यायाच्या पहिल्याच वचनात म्हटले आहे की समुद्र आता राहिला नाही. प्राचीन यहुदी कल्पनेत समुद्र हे अराजकाचे आणि भयाचे रूप होते, असे भाष्यकार सांगतात. ज्याचे पोटच समुद्रावर आहे त्याला हे स्पष्टीकरण कितपत पटेल, सांगता येत नाही. पुढच्या अध्यायात नदी मात्र आहे. ती नगरीच्या रस्त्यामधून वाहते आणि तिच्या दोन्ही काठांवर दर महिन्याला फळ देणारे झाड आहे.