ठशांची पेटी: मुलांना घेऊन माग काढायला निघण्याआधी

प्राण्यांच्या पावलांचे ठसे ओळखायला आणि त्यांचे साचे घ्यायला केलेल्या आमच्या पेटीत पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिस) पुडी, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, सहा इंची फूटपट्टी, भिंग आणि मऊ ब्रश आहे. पेटी मुलांच्या हाती देण्याआधी घरातल्या मोठ्यांनी हे पत्रक वाचावं, ही विनंती.

पेटी घेताना मुलं हमखास विचारतात, "बिबट्याचा ठसा मिळेल ना?" ठाण्यातल्या मुलांना हे सुचणारच. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे आणि तिथे बिबट्यांचा वावर आहे. तरी आमचा आग्रह आहे की सुरुवात कुत्र्यापासून करा. सोसायटीच्या बागेतल्या ओल्या मातीत त्याचा ठसा हवा तेव्हा सापडतो. तो ज्या मुलाला न बघता कागदावर काढता येतो, त्याला पुढचे ठसे ओळखायला वेळ लागत नाही.

कुत्रा आणि मांजर

कुत्र्याच्या ठशात चार बोटं, प्रत्येक बोटापुढे नखाचा टिंब आणि मागे तळव्याची गादी दिसते. ठसा रुंदीपेक्षा लांबीला जास्त असतो. बोटं आणि गादी यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून तिरप्या दोन रेषा ओढल्या की सरळ फुली होते. मुलांना काडीने ती फुली काढायला सांगा, त्यांना ती फार आवडते.

मांजराचा ठसा गोलसर. चालताना मांजर नखं आत ओढून घेतं, म्हणून ती सहसा उमटत नाहीत. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. चारांपैकी एक बोट जरा पुढे असतं, त्यामुळे डावा पंजा की उजवा हेही कळतं. घरच्या मांजराचा ठसा साधारण तीन सेंटिमीटरचा. रानमांजराचा त्याहून थोडा मोठा. बिबट्याचा सात सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक, पण घडण तीच. म्हणून जिन्याखालच्या मांजरावर सराव केलेलं मूल येऊरच्या पायवाटेवर गोंधळत नाही.

नवी मुंबईकरांसाठी खास गोष्ट म्हणजे कोल्हा. खाडीकाठच्या खारफुटीत सोनेरी कोल्हे राहतात. कोल्ह्याचा ठसा कुत्र्यासारखाच, पण अरुंद. फरक चालीत जास्त कळतो. भटका कुत्रा हुंगत, वळत, मागे फिरत जातो. कोल्हा बहुधा एका रेषेत नेटाने पुढे जातो. त्यामुळे एकाच ठशावर न थांबता पुढचे चार-पाच ठसे शोधा. मात्र चिखलात उतरू नका. खाडीचा गाळ वरून घट्ट दिसतो आणि पाय आत ओढतो. काठावरूनच पाहा.

खूर, पक्षी आणि बाकीचे

येऊरच्या वाटांवर गायी-शेळ्यांचे खूर भरपूर दिसतात, त्यामुळे हरणाचे खूर ओळखताना घाई नको. भेकर आणि चितळ यांच्या खुरांची टोकं निमुळती असतात. रानडुकराचा खूर पुढे बोथट असतो आणि मऊ मातीत त्याच्या मागे दोन्ही बाजूंना उपखुरांच्या खुणा उठतात. घोरपड पावलांच्या मधोमध शेपटीची नागमोडी रेघ सोडते.

पक्ष्यांत चाल बघा. चिमणी टुणटुण उडते, म्हणून तिची पावलं जोडीने पडतात. साळुंकी चालते, तिची एकापुढे एक. बगळ्याची तीन बोटं पुढे आणि लांब अंगठा मागे असतो. टिटवीचा अंगठा इतका लहान की चिखलात तीनच बोटं दिसतात.

केव्हा, कसं

अश्विन-कार्तिक हा यासाठी उत्तम काळ. पाऊस ओसरलेला असतो, वाटांवरचा चिखल अर्धा सुकलेला असतो आणि ठसा रेखीव उठतो. पुढे धुरळा होतो आणि कडा ढासळतात. सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात ठशाच्या आत सावली पडते आणि बोटं उठून दिसतात. कडा धारदार असतील तर ठसा ताजा. आत पान पडलं असेल, वरून मुंग्यांची वाट गेली असेल, तर जुना.

माप ठशाच्या तळाशी घ्या, वरच्या कडेला नको. पातळ चिखलात पाय घसरतो आणि ठसा फुगतो. याच अडचणीने मोठ्यांनाही छळलं आहे. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये पंजांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत बसवली आणि १९७२च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत ती वापरली गेली. पण एकाच वाघाचा ठसा वेगवेगळ्या मातीत वेगळा उमटतो. आता कॅमेरा ट्रॅपमधल्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यातल्या, फोटोत पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. मोठ्या मुलांना हे आवर्जून सांगा.

जंगलात पाळायचंच

वनविभागाने ठरवलेल्या वेळेत, परवानगी घेऊनच आत जा आणि उन्हं उतरण्याआधी बाहेर पडा. मुलांच्या पुढे एक आणि मागे एक मोठं माणूस असावं. ठसा पाहायला मूल वाकलं की कुणीतरी शेजारी उभं राहावं. गवत अजून उंच असतं, साप आणि गोचिडी असतात, म्हणून बूट आणि पूर्ण पँट हवीच. बिबट्याचा ताजा ठसा दिसला, तर फूटपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा आणि मोठ्याने बोलत आल्या वाटेने परत फिरा. मागावर जायचं नाही. प्राणी अडचणीत किंवा वस्तीत दिसला, तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

साचा घेताना

राष्ट्रीय उद्यानात पीओपी वापरू नका, तिथे फोटोच घ्या. साचा सोसायटीच्या बागेत किंवा स्वतःच्या अंगणात करा. ठशातला कचरा ब्रशने काढा आणि भोवती पुठ्ठ्याचं कडं लावा. एक वाटी पाण्यात दोन वाट्या पावडर घाला. पाण्यात पावडर, उलट नाही, नाहीतर गुठळ्या होतात. मिश्रण ठशाच्या बाजूने हळूच आत येऊ द्या आणि अर्धा तास थांबा. घट्ट होताना साचा गरम होतो. मुलांनी वरून बोट लावून ती ऊब जरूर अनुभवावी. हात मात्र ओल्या मिश्रणात रुतवून ठेवायचा नाही, त्याने भाजतं. पावडर ओतण्याचं काम मोठ्यांनी नाकावर रुमाल बांधून करावं. उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, पाइप बंद होतो. ते कागदावर सुकवून कचऱ्यात टाका.

पुडी हवेतला ओलावा धरते, म्हणून उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बंद पुडीत गुठळ्या निघाल्या तर आणून द्या, बदलून देऊ. न ओळखता आलेल्या ठशाचा फोटो असेल, तर तोही घेऊन या. फूटपट्टी शेजारी ठेवलेली असली तर आम्हाला नीट सांगता येईल.