‘गेस्स’ जोडलं की भविष्यकाळ झाला?

कोरियन शिकणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: क्रियापदाला ‘गेस्स’ जोडलं की भविष्यकाळ तयार. तसं वाटणं साहजिक आहे. ‘कागेस्सॉयो’ म्हणजे ‘मी जाईन’ असंच आपण पहिल्यांदा शिकतो.

पण ताट समोर आल्यावर, घास घेण्याआधीच ‘माशित्केत्ता’ (‘गेस्स’चा उच्चार इथं ‘केत्’ होतो) म्हणतात: चविष्ट असणार! ‘आल्गेस्सुम्निदा’ म्हणजे तर ‘समजलं’, आत्ताच. ‘गेस्स’ मुख्यतः निश्चय किंवा अंदाज दाखवतो. पडताळा सोपा आहे: तो भूतकाळाच्या प्रत्ययानंतरही येतो. ‘कात्केस्सॉयो’, म्हणजे ‘गेला असेल’. आपलं ‘असेल’ही नेमकं हेच करतं, बघा.

ठरलेल्या बेतासाठी रोजच्या बोलण्यात स्वरान्त धातूला ‘ल कॉयेयो’ आणि बहुतेक व्यंजनान्त धातूंना ‘उल कॉयेयो’ लागतं: ‘काल कॉयेयो’, जाणार आहे, ‘मॉगुल कॉयेयो’, खाणार आहे. आणि ‘उद्या जातो’सारखा साधा वर्तमानकाळही चालतो: ‘नेइल कायो’.