शुक्रावरचं पाणी गेलं कुठे?

2020 च्या सप्टेंबरमध्ये शुक्राच्या ढगांत फॉस्फिन (पृथ्वीवर काही जिवाणूंशी जोडला जाणारा वायू) सापडल्याची बातमी आली आणि लगेच 'शुक्रावर जीवसृष्टी!' असे मथळे झळकले. पुढे तोच डेटा परत तपासला तर आकडा बराच खाली आला, फॉस्फिन मुळात आहे का यावरच वाद सुरू झाला, पण ती बातमी कोण छापणार? असो. मला त्यापेक्षा जुना प्रश्न जास्त भारी वाटतो. आज 465 अंश तापमान आणि पृथ्वीच्या 90 पट हवेचा दाब असलेल्या या ग्रहावर कधी समुद्र होते का? (सोव्हिएत युनियनचं व्हेनेरा 13 तिथे 1982 मध्ये उतरलं, त्याने 127 मिनिटं तग धरली, तेच खूप झालं.)

निदान पाणी होतं याचा पुरावा मिळाला तो चक्क बिघाडामुळे. 1978 मध्ये नासाच्या पायोनियर व्हीनसचं यान ढगांतून खाली जाताना सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब मास स्पेक्ट्रोमीटरच्या (वजनावरून अणू-रेणू ओळखणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी अडकला, बाहेरची हवा आत येईना. पण त्या थेंबातल्या पाण्यात ड्युटेरियम किती हे यंत्राने मोजलं. ड्युटेरियम म्हणजे हायड्रोजनच, फक्त न्यूट्रॉन एक जास्त, त्यामुळे वजन दुप्पट. पृथ्वीवर साधारण 6400 हायड्रोजनमागे तो एक सापडतो. शुक्रावर हे प्रमाण शंभरपटीहून जास्त निघालं!

आता हे कसं होतं बघा. आपल्याकडे वाफ वर गेली की थंडीने गोठते, पाऊस होऊन खाली येते. शुक्र तापला तेव्हा वाफ पार वरपर्यंत पोचली, तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचे रेणू फोडले आणि हायड्रोजन अवकाशात निसटला. हलका आधी निसटतो, जड मागे राहतो, सुपात पाखडताना फोलपटं उडून दाणे उरतात तसं. आज शुक्रावरची सगळी वाफ खाली आणली तर जेमतेम 3 सेंटीमीटरचा थर होईल, पण ड्युटेरियमच्या हिशोबाने पूर्वी निदान काही मीटर तरी पाणी असणार, आणि ड्युटेरियमसुद्धा थोडा थोडा निसटतोच, म्हणजे खरा आकडा कितीतरी मोठा असू शकतो.

पण गोची इथेच आहे. ड्युटेरियम एवढंच सांगतो की पाणी होतं, ते समुद्रात होतं की नुसतं वाफेत, हे नाही सांगत. 2016 मध्ये नासाच्या मायकेल वे यांच्या टीमने मॉडेल चालवून म्हटलं की शुक्र स्वतःभोवती इतका हळू फिरतो की दिवसाच्या बाजूला जाड ढग साचून ऊन परतवत असतील, आणि मग समुद्र 2 अब्ज वर्षंसुद्धा टिकले असतील. 2021 मध्ये मार्टिन टर्बे यांच्या टीमने नेमकं उलट सांगितलं, सुरुवातीच्या वाफाळलेल्या शुक्रावर ढग रात्रीच्या बाजूला जमले, त्यांनी उष्णता कोंडून धरली, समुद्र कधी बनलेच नाहीत. 2024 मध्ये केंब्रिजच्या गटाने तिथल्या ज्वालामुखींच्या वायूंचा हिशोब मांडला, त्यात पाणी फार तर 6 टक्के, म्हणजे ग्रह आतूनही कोरडाच. सध्या तरी मला हीच बाजू जड वाटते.

आपल्याकडे मात्र शुक्राचा अस्त झाला की लग्नाचे मुहूर्त बंद! तो फक्त आपल्या दृष्टीने सूर्याच्या फार जवळ आलेला असतो, म्हणून दिसत नाही, हॉलच्या बुकिंगशी त्याचा काय संबंध?

इस्रोच्या शुक्र मोहिमेला 2024 मध्ये 1236 कोटींची मंजुरी मिळाली, ते यान वरून फेऱ्या मारत वातावरण आणि जमीन न्याहाळणार आहे. थेट हवेत उतरून ड्युटेरियम नव्याने मोजायचं काम नासाच्या दाविंची या यानाकडे आहे, तेवढं तोंडाशी परत ॲसिड अडकलं नाही म्हणजे मिळवली.