संकरित तुरीतला पराग : एका जनुकाचा की दोघांचा?

जगातला पहिला संकरित तूर वाण १९९१ साली भारतात प्रसारित झाला. तो जनुकीय नरवंध्यत्वावर, म्हणजे जनुकामुळे फुलात कामाचा पराग न होण्यावर, बेतलेला होता. बीजोत्पादनात मादी ओळीतली, म्हणजे जिच्यावर संकरित बी धरायचं त्या ओळीतली, निम्मी झाडं सुपीक (पराग देणारी) निघत, फुलोऱ्यात एकेक तपासून ती उपटावी लागत. मजुरीनेच तो वाण मागे पडला.

वाट रानतुरींनी काढून दिली. ‘कजानस कजानिफोलियस’ या रानतुरीच्या पेशीद्रव्यावर (पेशीच्या केंद्रकाबाहेरच्या, आईकडून येणाऱ्या भागावर) उभी राहिलेली ए-४ ही नरवंध्यत्वाची पद्धत २००५ मध्ये जाहीर झाली आणि तिच्यावरचा वाण २०१० मध्ये मध्य प्रदेशात आला. तुरीत दाणाच हवा, म्हणून आर ओळीकडून (पराग परत आणणाऱ्या नर ओळीकडून) आलेल्या जनुकांनी संकरात पराग परत आणणं भागच असतं.

ही जनुकं किती, यावर एकमत झालं नाही. दुसऱ्या पिढीत सुपीक-वंध्य प्रमाण काही संकरांत ३:१ मिळालं, म्हणजे एक प्रभावी जनुक. काहींत १५:१, म्हणजे दोनांपैकी कुठलंही एक पुरे. काहींत ९:७, म्हणजे दोन्ही हवीत. ‘एक प्रभावी जनुक’ हे सुटसुटीत उत्तर म्हणूनच अपुरं आहे. ते त्या-त्या आर ओळीपुरतंच खरं. शिवाय सुपीक म्हणायचं कशाला? तपासणीत रंगद्रव्याने परागाला रंग चढला म्हणून, की पिशवी बांधलेल्या फांदीला शेंग धरली म्हणून? उघड्यावर मोजलं तर मधमाश्या शेजारचा पराग आणतात आणि वंध्य झाडही शेंगा धरतं. पिशवीशिवायच्या नोंदींवर फार भरवसा ठेवू नये. दोन जनुकं असलेल्या संकरांत पराग जास्त आणि भरवशाचा असल्याचंही आढळलं आहे. निवडीत त्यांनाच आधी जागा मिळायला हवी.

बेळगाव सीमाभागात हा वाद थेट बियाण्याशी भिडतो. अथणीसारख्या कोरडवाहू पट्ट्यात तुरीचं घरचं बी राखता येतं, कारण वाण सरळ, म्हणजे संकरित नसलेले असतात: मर रोगाला तोंड देणारा, कर्नाटकात आलेला मारुती, किंवा सीमेपल्याड मराठवाड्यात निघालेला बीएसएमआर ७३६. संकरित तुरीचं बी असं राखलं, तर स्वपरागातून आलेल्या पुढच्या पिढीत एका जनुकाच्या संकरात चौथा हिस्सा झाडं वंध्य निघतील, १५:१ वाल्यात सोळात एक, ९:७ वाल्यात सोळात सात. बियाण्याच्या पिशवीवर फक्त ‘संकरित’ छापून यातलं काहीच शेतकऱ्याला कळत नाही.